हत्तु

वैजयंती सायकलवरून उतरली नाही, तिला उतरावंच लागलं. पाय पेडलवर फिरायचे थांबले, सायकल एका अंगाला कलली आणि तिनं कसाबसा एक पाय मातीत टेकवला. समोर वारा, दोन्ही बाजूला तुरीची शेतं आणि मधून सरळ गेलेली गाडीवाट. सोलापूर त्या वाटेच्या टोकाला होतं खरं, पण टोक काही दिसत नव्हतं.

सायकल लेकीची होती. चंद्रिकानं पुण्यात नोकरी लागल्यावर हौसेनं घेतली, तिकडं ठेवायला जागा नाही म्हणून इकडं आणून लावली. चाकं बोटाएवढी बारीक, बसायची जागा खुरप्याच्या पात्यासारखी आणि हँडल एडक्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. "आई, तू चालव. दिवसभर टॉवेलच्या घड्या घालत उभी असतीस, पाय आखडून जातील," असं लेक फोनवर म्हणायची. वैजयंती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. संध्याकाळी घरी आली की पायाच्या नळ्यांत शिसं ओतल्यासारखं व्हायचं. तरी दोन महिने रोज पहाटे गल्लीत चकरा मारून तिनं त्या वाकड्या हँडलाशी ओळख करून घेतली. आज रविवारी पहिल्यांदा ती शहराबाहेर पडली होती.

लेकीनं बजावलं होतं, "पहिल्या दिवशी जाऊन येऊन पंधरा किलोमीटर, बास. निम्मा दम संपायच्या आत माघारी फिरायचं."

नवऱ्याचं बजावणं वेगळं होतं. गुरुशांतचा चादरींचा माल पोचवायचा धंदा. त्याच्याकडं छोटा टेम्पो होता, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात. चहा पिता पिता तो म्हणाला, "जावा की, जावा. मी हत्ती दारातच लावतो. आणायला यावं तर लागणारच हाय."

त्यात कुजकेपणा नव्हता. पण सुई टोचायला कुजकी असावी लागत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून गुरुशांत तिला आणायलाच जात होता. स्कूटर शिकायला गेली आणि पडली, तर आणायला. शिवणाचा क्लास लावला आणि चक्कर आली, तर आणायला. पुण्याला एकटी निघाली, चुकीच्या एसटीत बसून बार्शीला पोचली, तर तिथं आणायला. एकदाही तो रागावला नाही. चारचौघांत हसून सांगायचा तेवढं. माणूस मायेचाच, पण त्याच्या मायेखाली तिचं एकही काम स्वतःच्या पायानं घरी परत आलं नव्हतं. आज तेवढंच करायचं होतं. किती लांब गेलो याला तिच्या लेखी किंमत नव्हती. परत यायचं, आणि टेम्पोत बसून यायचं नाही.

म्हणून तिनं आपला मोठा मोबाईलसुद्धा घरी ठेवला. त्यावर नवऱ्याला ती कुठं आहे ते दिसायचं. निघताना सासूबाईंनी, दानम्मांनी, आपला बटणांचा फोन तिच्या मुठीत कोंबला आणि डोळ्यांनीच 'जा' म्हटलं.

जाताना अक्कलकोट रोडला वारा पाठीशी होता. श्रावणातला पश्चिमेचा वारा, पाठीवर हात ठेवून ढकलावं तसा ढकलत होता. तिला वाटलं, पाय आपलेच. एवढी वर्षं उगाच थकल्यासारखं करत होते, आज खरे कळले. लेकीनं माघारी फिरायला सांगितलेलं हॉटेल गेलं, त्याच्या पुढची टेकडी गेली, तरी सायकल पळतच होती. थांबायला कारणच नव्हतं. शेवटी एका वडाखाली पाणी प्यायला ती थांबली, सायकल वळवली आणि वाऱ्यानं तिच्या तोंडावर दार लावलं.

तिचे वडील कोंडीबा बैलगाडीनं श्रीपूरच्या कारखान्याला ऊस घालायचे. रिकामी गाडी पळवणाऱ्या पोरांना ते शिव्या हासडायचे, "आरं, आत्ता मोकळी हाय म्हणून उडवतोयस, येताना माल आसतोय की!" माहेरी करकंबला अंगणात बसून हे तिनं शंभरदा ऐकलं होतं. पण ते बैलांसाठी होतं, असं तिला वाटायचं.

हमरस्त्यावर ट्रक गेला की वाऱ्याचा झोत सायकलीसकट तिला हलवायचा. भिऊन ती शेतातल्या आडवाटेला लागली. तिथं ट्रक नव्हते, पण मैलाचे दगडही नव्हते. किती आलो, किती राहिलं, काही कळेना. मनगटं बधिर झाली, मान दगडाची झाली, बसायच्या जागेचं तर नावच नको. आणि आता हे पाय.

मागून बैलगाडी आली. कडब्यावर एक म्हातारा बसला होता, डोक्याला रुमाल, कपाळावर भस्माची तीन बोटं. इकडची माणसं कानडी बोलतात, हे तिला माहीत होतं. सासरच्या घरात इतकी वर्षं काढून तिला स्वयंपाकघरातलं आणि बाजारातलं कानडी येत होतं: पाणी, मीठ, वाढ, पुरे, आणि एकपासून वीसपर्यंत आकडे. तेवढ्यावर तिनं धीर करून किती लांब आहे ते विचारलं, "सोलापूर एष्ट दूर ऐत्री?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, सायकलीकडं पाहिलं, कासरा ओढला. "हत्तु, तंगी," हनुवटी उडवून तो म्हणाला. "हत्तु, हत्तु!"

तंगी म्हणजे धाकटी बहीण, आणि हत्तु म्हणजे दहा.

"दहा?" तिनं विचारलं. "आजून दहा?"

म्हातारा थोडा वेळ तसाच थांबला. ती खाली बघत उभी राहिली. मग त्यानं काहीतरी पुटपुटत बैल हाकले आणि गाडी पुढं गेली.

वैजयंती बांधावर बसली. दहा हा आकडा काही मोठा नाही. दहा टॉवेलांचा गठ्ठा ती एका हातानं उचलायची. पण या वाऱ्यात दहा किलोमीटर म्हणजे दुसरा जन्म घेऊन करायचं काम होतं. डोळ्यांत पाणी यायला पाहिजे होतं, पण तेवढाही ओलावा अंगात राहिला नसावा. तिनं सासूबाईंचा फोन काढला. त्यात एकच नंबर होता.

"हेळव्वा," पलीकडून गुरुशांत म्हणाला. 'बोल आई' म्हणत होता; आईचाच फोन समजला तो.

"मी हाय," ती म्हणाली. "या आणायला."

तो हसला नाही, याचंच तिला जास्त लागलं. कुठं आहे ते त्यानं विचारलं. पडकी विहीर, तुरीची शेतं, तारेवर वाळत घातलेली लाल चादर, असं तिनं सांगितलं. "कळलं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

दहा किलोमीटर यायला त्याला वेळ लागेल म्हणून तिनं बूट काढले, पाय लांब केले आणि डोळे मिटले. एवढ्यात टेम्पोचा आवाज आला.

"एवढ्या लवकर?"

"लवकर काय? हितनं ती पाण्याची टाकी दिसती का? ती आपल्याच भागातली की."

तिनं पाहिलं. लिंबाच्या झाडामागं टाकी होती. मघाशीही असणार.

"आवो, पण गाडीवाला म्हणाला दहा राह्यलंय म्हणून. दोनदा म्हणाला, हत्तु, हत्तु."

"कुटला गाडीवाला? बैलगाडीवाला?" गुरुशांतच्या मिशा हलायला लागल्या. "आगं, हत्तु म्हंजे चढ! गाडीत बस म्हणत हुता त्यो तुला! तुझा अवतार बघून दया आली म्हाताऱ्याला!"

"हत्तु म्हणजे दहा."

"दहा बी हत्तु, आन् चढ बी हत्तु. सव्वीस वर्सं झाली..." तो टेम्पोच्या फाळक्याला टेकून हसत सुटला. "त्यो म्हणला हत्तु, आन् हिनं बोलावला हत्ती!"

वैजयंतीला हसू आलं नाही. तिला त्या म्हाताऱ्याचं थांबणं आठवलं. तो वाट बघत उभा होता, आणि ती दुःख करत उभी होती.

गुरुशांतनं फाळका खाली पाडला, एका हातानं सायकल उचलायला घेतली. तिनं हँडल धरलं.

"ऱ्हाऊ द्या."

"आगं, पाय बघ कसं लटलट करत्यात."

"करू द्या. एवढंच राह्यलंय तर मी येते. तुमी जावा."

"बरं. तू हो फुडं, मी सावकाश मागनं येतो."

"मागनं नको." तिनं बूट चढवले. नाडी बांधायला बोटं वळेनात, तशीच खोचली. "मागनं आलासा की आणल्यासारखं होतं. तुमी फुडं जावा. घरी जावा."

गुरुशांतनं सायकल तिच्या हातात दिली. फाळका लावला. टेम्पो धुरळा उडवत निघाला, वळणावर थांबला, लाल दिवे लागले. ती वाऱ्यात मान घालून बसली आणि पेडल मारलं. तिची सायकल हललेली आरशात दिसली असावी, कारण दिवे विझले आणि टेम्पो गेला.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. दोनदा ती उतरून चालली. एका पोरानं "काकू, हवा गेली का?" असं विचारलं, तर "माझीच गेलीया" म्हणाली. रस्त्यानं सगळ्या मोटारसायकली तिला ओलांडून गेल्या, एक म्हैससुद्धा काही अंतर तिच्या बरोबरीनं चालली. टाकी हळूहळू मोठी झाली, एवढंच.

दारात टेम्पो उभा होता. गुरुशांत आत कुठंतरी भांडी वाजवत चहा करत होता, ऐकू जाईल एवढ्या जोरात. पायरीवर दानम्मा बसल्या होत्या. वैजयंतीनं सायकल भिंतीला लावली आणि त्यांच्याशेजारी जी बसली, ती उठायची सोय उरली नाही. फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

दानम्मांनी सायकलच्या बसायच्या जागेवर हात फिरवला, दाबून पाहिलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "ह्याच्यावर बसून गेल्तीस?" त्यांनी विचारलं. "आन् आलीस बी?"

"आले." एवढ्या एका शब्दालाही तिला श्वास घ्यावा लागला. मग सासूकडं बघत, सायकलीकडं हनुवटी उडवून ती म्हणाली, "अत्ती, हत्तु."

दानम्मांनी आधी सायकलीकडं पाहिलं, मग सुनेकडं. दात नसलेलं तोंड पदराआड गेलं आणि खांदे हलायला लागले.

"सासूला हत्तु म्हनत न्हाईत," हसू आवरून त्या म्हणाल्या. "हत्री म्हनायचं. हत्री."