न विचारता नेलेली तिवई

मित्रांनो, कुणाची वस्तू न्यायची असेल तर आधी विचारावं, ही साधी रीत आहे. आमच्या घरच्या सुनेला ती ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. वर्गातल्या मुलांना खोडरबरसुद्धा विचारून घ्यायला शिकवणारी बाई ती! पण एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली, मला उचलून काखोटीला मारलं आणि चपला घालून चालू पडली. मागे सासूबाई मटारची टोपली घेऊन उभ्याच्या उभ्या.

"अगं ए! माझी तिवई घेऊन कुठे निघालीस?"

"संध्याकाळी आणते, आई!" जिन्यावरून नुसता आवाज आला.

सासूबाईंनी त्या दिवशी उंच खुर्चीवर बसून मटार सोलले. पाय लोंबकळत होते आणि जीभ चालू होती. हे मी पाहिलं नाही, पण पुढे इतक्यांदा ऐकलं की पाहिल्यासारखंच झालं.

तर मी ती तिवई. जुनी आहे, मोडकी नाही. हा फरक आधीच सांगून ठेवते. मला तीन पाय आहेत, वर गोल बैठक आहे आणि माझी उंची तुमच्या गुडघ्याला लागेल एवढी आहे. सासूबाई नव्यानं या घरात आल्या तेव्हा वरच्या फळीवरच्या डब्याला त्यांचा हात पोचत नव्हता. त्याच सुमारास घरात दाराचं काम चाललं होतं. दाराच्या उरलेल्या लाकडातून सुतारानं मला केलं.

"पाय तीनच?" सासूबाईंनी विचारलं. नवी सून असली तरी नजर बारीक होती.

"तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही, वहिनी."

"खरंच, की लाकूड संपलं?"

"दोन्ही," सुतार म्हणाला आणि मोठ्यानं हसला.

पण त्यानं काम मन लावून केलं. पाय जरा बाहेरच्या अंगाला फाकवले, म्हणजे चढणारा कलंडू नये. बैठकीला मधोमध हलकासा खोलगटपणा दिला. कडा इतक्या घासल्या की आजवर कुणाच्या कपड्याचा धागासुद्धा माझ्यात अडकलेला नाही. त्या सुताराची मी फार ऋणी आहे. तो नीट वागला म्हणून मी टिकले.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. माझ्यावर चढून डबे निघाले, जळमटं निघाली. घरातला मुलगा मला ढकलत ढकलत चालायला शिकला. पुढे सासूबाईंचे गुडघे कुरकुरू लागले, खाली बसणं सुटलं आणि मी त्यांची हक्काची जागा झाले. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "या घरात माझं ऐकणारी एवढी एकच." मधे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हा त्याच मुलानं मला माळ्यावर टाकायचं काढलं. सासूबाई म्हणाल्या, "टाक की. तिच्या शेजारी मलाही टाक." विषय तिथेच संपला. इतकी वर्षं त्यांचा भार सोसला, त्यांची जीभ मला लागली असेल तर मित्रांनो, सांभाळून घ्या.

आता सुनेचं सांगते. ती शाळेत शिकवायची. नोकरी पक्की, मुलगी शाळेत रुळलेली, सगळं सुरळीत होतं. तशात तिनं शिक्षणशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. तीही नुसती वर्गात बसून मिळणारी नव्हे. आपला एक प्रश्न घ्यायचा, संशोधन करून त्याचं उत्तर शोधायचं, प्रबंध लिहायचा आणि मोठ्या लोकांपुढे बसून तोंडी परीक्षा द्यायची.

"शिकवायचं सोडून आता शिकायला निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"शिकवतेच आहे, आई. पण नीट शिकवते का, ते बघायचंय."

तिचा प्रश्न ऐकायला सोपा होता. शिक्षक वर्गात प्रश्न विचारतात. मूल विचार करू लागतं. शिक्षक किती वेळ थांबतात? आणि ते आणखी दोन श्वास थांबले, तर एरवी गप्प राहणारी मुलं बोलतात का? हे पाहायला आपल्याच शाळेत, रिकाम्या तासांना, दुसऱ्या बाईंच्या वर्गात मागे बसायचं, काही बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि टिपून ठेवायचं.

पहिल्या दिवशी ती वर्गात खुर्चीवर बसली. झालं! मुलांना वाटलं तपासणी आली. सगळ्यांच्या पाठी ताठ, हाताच्या घड्या, कुणी श्वासही मोठ्यानं घेईना. ही वर उंच बसलेली, तिकडे मुलांचं कसं लक्ष जाणार नाही? मुलांच्या उंचीला उतरायला हवं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला माझी आठवण झाली. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात फरशी उखडलेली होती. तिथे चार पायांचं काहीच धड उभं राहत नव्हतं. मी राहिले.

तेव्हापासून रोज सकाळी मी शाळेत आणि संध्याकाळी घरी. रोज सकाळी सासूबाई काहीतरी बोलायच्या आणि सून रोज तेच म्हणायची, "संध्याकाळी आणते." मला मात्र नवं जग मिळालं. मी आजवर चूल, फळी आणि भाजीची देठं एवढंच पाहिलेलं. इथे भिंतीवर नकाशा होता, दोऱ्याला कागदी पक्षी होते आणि एका बाजूनं चेपलेला पृथ्वीचा गोल होता. मुलं चार दिवसांत आम्हा दोघींना विसरली, असं मला वाटलं. एकानं तर त्याचं दप्तर माझ्या पायाला टेकवून ठेवायला सुरुवात केली.

खिडकीपाशी एक मुलगी बसायची. बाकीची तिला गोगलगाय म्हणत. तिला प्रश्न विचारला की ती खिडकीबाहेर बघायची, मग फळ्याकडे, मग बोटांकडे. तोवर प्रश्न दुसऱ्याकडे गेलेला असायचा. सुनेचं सगळं लक्ष तिच्यावर.

आणि इथेच घोटाळा झाला. मित्रांनो, वर बसलेल्याचा चेहरा मला दिसत नाही. मला कळतं ते वजनावरून. एखादं मूल अडखळलं की सून माझ्यावरून किंचित उठायची. भार पुढच्या पायावर यायचा. मूल बरोबर बोललं की पुन्हा सगळं वजन खाली. मला वाटायचं, काळजी करते बिचारी.

एके दिवशी तिच्या मार्गदर्शक बाई वर्ग बघायला आल्या. शांत, मोजकं बोलणाऱ्या. तास संपल्यावर मुलं बाहेर पळाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलं अडली की कुणाकडे बघतात, पाहिलंत?"

"त्यांच्या बाईंकडे," सून म्हणाली.

"नाही. मागे वळून तुमच्याकडे. मूल अडलं की तुमचे ओठ हलतात. उत्तर वाचून घेतात ती."

सुनेनं टिपणांची वही मिटली. इतकी वर्षं शिकवत आलेली बाई ती. मूल अडलं की ओठ आपोआप पुढे यायचे. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती, ती शिक्षिकेकडूनच व्हायची.

"ही सगळी निरीक्षणं आता बाजूला ठेवावी लागतील," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सत्र संपायला अजून बरेच दिवस आहेत. पुन्हा सुरुवात करा. जमेल तुम्हाला."

त्या संध्याकाळी सुनेनं मला स्वयंपाकघरात माझ्या जागी ठेवलं. "घ्या आई, तुमची तिवई. आता नाही लागणार मला."

"म्हणजे?"

"सोडतेय. नाही जमत मला गप्प बसायला." आणि तिनं झालेलं सगळं सांगितलं.

तिचा नवरा, म्हणजे मला ढकलत चालायला शिकलेला तोच मुलगा, दारातून म्हणाला, "जाऊ दे ना. नोकरी आहेच की हातात."

"तू आधी पाय पुसून आत ये आणि मग मत दे," सासूबाई म्हणाल्या. तो परत गेला. सासूबाई माझ्यावर बसल्या. मटार पुढ्यात ओढले. बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर, वर न बघता म्हणाल्या, "मलाही यायचं उत्तर."

"कसलं उत्तर, आई?"

"शाळेत. होते ना थोडे दिवस. यायचं मला, पण तोंडाशी यायला वेळ लागायचा. आमच्या बाईंना घाई. त्या पुढच्या मुलीकडे जायच्या. मग घरच्यांनीही ठरवलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही." एक दाणा घरंगळत गेला, तो त्यांनी पायानं अडवला. "तेव्हा मागे कोपऱ्यात तुझ्यासारखी कोणी बसली असती ना, तर आज तुझी मार्गदर्शक मीच असते. आणि मी इतकं गोड नसते बोलले."

सून हसली नाही. ती तिथेच खाली बसली आणि शेंगा सोलू लागली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे एक वेगळाच वर्ग भरू लागला. संध्याकाळी सून घरी आली की नात पाढे घेऊन समोर बसायची, सून माझ्यावर आणि सासूबाई उंच खुर्चीवर. सुनेनं ओठांत मटारचा दाणा धरायचा. दाणा पडला की समजायचं, ओठ हलले. युक्ती सासूबाईंची.

"सात आठे?" सुनेच्या नवऱ्यानं विचारायचं. त्यालाही कामाला लावलं होतं.

नात वर बघू लागली. माझ्या पुढच्या पायावर भार येऊ लागला...

"छप्पन्न!" सासूबाई ओरडल्या.

"आजी! मी सांगणारच होते!"

सुनेच्या ओठांतला दाणा टपकन खाली पडला. "पडला बघ!" सासूबाई म्हणाल्या. "तुझे ओठ हलले."

"तुमचे तर आवाजासकट हलले, आई."

मग सासूबाईंनाही दाणा देण्यात आला. त्यांनी तो खाऊन टाकला. दुसरा दिला, तोही खाल्ला. असं करत करत एक दिवस नातीनं अख्खा पाढा स्वतःच्या वेळेनं म्हटला आणि दोन्ही दाणे जागच्या जागी राहिले.

पुढच्या सकाळी सून निघाली, तर मी दाराशी चपलांच्या शेजारी उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आत.

"केर काढायचा होता म्हणून ठेवली तिकडे," आतून आवाज आला. "उगाच काही समजू नकोस."

सुनेनं मला काखेत घेतलं.

पहिले काही दिवस मुलं मागे वळून बघायची. मागे त्यांना नुसता एक शांत चेहरा मिळायचा. हळूहळू वळणं थांबलं. मग निरीक्षणं नव्यानं सुरू झाली. त्या वर्गाच्या बाईही मनानं मोठ्या. दुसऱ्या कुणी आपल्या शिकवण्यावर नजर ठेवलेली किती जणांना चालते? त्यांना चालली. ठरल्याप्रमाणे काही तासांना त्या प्रश्न विचारून थांबू लागल्या. त्यांनाही ते जड जायचं. खडू या हातातून त्या हातात करायच्या, पण थांबायच्या.

आणि मग तो तास आला. बाईंनी विचारलं, "पाण्यात मीठ टाकलं, ढवळलं, आता दिसत नाही. मग ते गेलं कुठे?" प्रश्न गोगलगायीला होता. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. बोटांकडे पाहिलं. कुणीतरी खुदकन हसलं. बाई थांबल्या. मी पुढच्या पायावर येणाऱ्या भाराची वाट बघत होते. भार आला नाही. सुनेचं वजन माझ्या तिन्ही पायांवर सारखं होतं, डोंगरासारखं.

"गेलं नाही," गोगलगाय म्हणाली. "चव घेतली तर सापडेल."

मग बाईंनी नुसतं "हं" केलं, आणि ती मुलगी त्यावर आणखी बोलली, न थांबता. माझ्या पायावर वरून एक थेंब पडला. घामाचा असेल. मी काही विचारलं नाही.

मित्रांनो, पुढे प्रबंध लिहून झाला, तोंडी परीक्षा पार पडली, पदवी पदरात पडली. मी पुन्हा स्वयंपाकघरात आले. माझा एक पाय थोडा सैल झाला होता. सुनेच्या नवऱ्यानं तो पाचर मारून घट्ट केला, माळ्याचं नाव न काढता. माझं तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. घरातल्या जुन्या वस्तूला वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, ओली ठेवू नका, आणि टाकून देण्याआधी तिच्याकडे जरा वेळ बघा. माणसाला काही विचारलंत तर तिथेही जरा थांबा. मला घडवणारा, मला राखणारी आणि मला उचलून नेणारी, तिघांचीही मी आभारी आहे. पण शेवटचं बोलणं माझं नाही.

प्रबंध बांधायला द्यायच्या आदल्या दुपारी सून ऋणनिर्देश वाचून दाखवत होती. मार्गदर्शक बाई, वर्गाच्या बाई, मुलं, नवरा, लेक, सगळे झाले. "आणि माझ्या सासूबाई," ती वाचू लागली, "ज्यांनी आपली तिवई मला दिली..."

"थांब," माझ्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "दिली? मी कधी दिली?"

सुनेनं कागद खाली केला. ती काही बोलली नाही. ओठही हलले नाहीत. नुसती थांबली. सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं असावं, मग हातातल्या शेंगेकडे. त्यांचं वजन माझ्यावर जरा पुढे आलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या उत्तरासाठी थांबलं होतं.

"दिली नव्हती गं मी," त्या सावकाश म्हणाल्या. "तू नेलीस. विचारायला हवं होतंस, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण नेलीस ते चांगलं केलंस. असंच लिही, आणि माझं नाव मोठ्या अक्षरात घाल."