मगादीचा सोडा

मगादीच्या तळ्याबद्दल मला आता कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. पूर्वी उलट होतं. कुणी विचारो न विचारो, मी सुरू. दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या आमच्या काचेच्या फॅक्टरीत मी ते तळं ऐकवलं नाही असा माणूस सापडायचा नाही. चहाला मगादी, कॅम्पच्या बसमध्ये मगादी. पोरं हात जोडायची, "तय्यबचाचा, खलास! पुरे!"

एकटा सुदेश म्हणायचा, "चाचा, पुढे?"

सुदेश पोलादपूरकडचा, सत्ताविशीचा. काचेसाठी वाळू आणि सोडा मिसळतात त्या शेडमध्ये पिशव्या फोडायचं काम त्याच्याकडे. एकेक टनाची पिशवी क्रेनला लटकते, खालून सुरीने फाडायची, की सोडा धबाधबा खालच्या टाकीत पडतो. घामावर ती धूळ बसली की कातडी चरचरते. त्याला त्यातून सुटायचं होतं. फोर्कलिफ्टच्या लायसनसाठी त्याने क्लास लावला होता आणि गुरुवारी त्याची डोळ्यांची तपासणी होती. गावी बायको, सोनम, सातव्या महिन्यात. तिला त्याने आधीच सांगून टाकलं होतं की पुढच्या महिन्यापासून मी ड्रायव्हर.

मी तिथला स्टोअरकीपर. मूळ म्हसळ्याचा, पण माझ्या अब्बांनी केनियात मगादीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म काढला आणि मीही तिथे अकरा वर्षं नोकरी केली. म्हणून सोड्याच्या पिशवीवर केनियाचं नाव दिसलं की मला भरून यायचं.

काय तळं ते! नैरोबीपासून शंभरेक किलोमीटर, खाली खचलेल्या दरीच्या तळाशी. पाणी नावाला. बाहेर जायला नदी नाही, ऊन पाणी पिऊन टाकतं आणि सोडा मागे राहतो, पांढरा, मधूनच गुलाबी, कुठे कुठे दहा माणसं एकावर एक उभी पुरतील एवढा जाड. त्याच्यासाठी इंग्रजांनी शंभर वर्षांपूर्वी मसाई लोकांच्या रानातून रेल्वे नेली. मसाईंना काय मिळालं ते विचारूच नका. काठाला कढत झरे, आपण हात घातला तर भाजेल, आणि त्यात बोटाएवढे मासे मजेत फिरतात!

पण माझी खरी गोष्ट बासष्ट सालची. त्या वर्षी फ्लेमिंगोंनी तळ्यात अंडी घातली. पिल्लं उथळ पाण्यातून चालायला लागली आणि सोडा त्यांच्या पायांवर धरत गेला. कडीच पडली पायात, दगडासारखी. हजारो पिल्लं जागच्या जागी अडकली. तेव्हा माणसं चिखलात उतरली, एकेक पिल्लू धरून कडं हातोडीने फोडलं आणि सोडून दिलं. त्यात माझे अब्बा होते. हे सांगताना माझी छाती फुगायची.

"म्हणजे चाचा, सोडा एवढा काही वाईट नाही," सुदेश एकदा म्हणाला. "पक्षी राहतात, मासे राहतात."

"अरे, आम्ही त्यात लहानाचे मोठे झालो," मी म्हणालो. "सोड्याने हात खाल्ला की लिंबू चोळायचं, विषय संपला. काय झालं मला?"

अक्कल पाजळली! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

ऑगस्टचा मंगळवार होता. हवेत एवढा दमटपणा की पिशवीत सोड्याचे धोंडे झाले होते. सुदेशचा धुळीपासून डोळे वाचवायचा चष्मा वाफेने आंधळा झाला, म्हणून त्याने तो कपाळावर चढवला आणि खालून सळईने ढोसायला लागला. गोळा सुटला तो थेट तोंडावर. मी दहा पावलांवर होतो.

"चाचा! डोळे!"

डोळे धुवायचा नळ भिंतीशी होता. मी त्याला फरफटत नेलं, तोटी उघडली. पण छतावरची टाकी दिवसभर उन्हात. इथल्या उन्हाळ्यात नळाला कसलं पाणी येतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ते कढत पाणी डोळ्यांवर पडताच सुदेश असा किंचाळला की मी तोटी बंद केली. मी. माझ्या हाताने.

आणि मग मला सुचलं. स्टोअरच्या फ्रिजमध्ये माझी बाटली होती, घरून आणलेलं कोकमाचं आगळ. अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे तेच लावतात. सोड्यावर आंबट, हे तर मगादीला शिकलेलो! थंडगार आगळात थोडं पाणी घातलं आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत ओतलं. फसफसलं. मला वाटलं, उतरतोय सोडा. "आता बरं वाटेल हं, बाळा," मी म्हणत होतो. त्याला गार वाटलं, तो जरा शांत झाला, आणि मी, गाढव, खूश झालो. पुन्हा ओतलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईने लाल डाग पाहिले आणि हिंदीत विचारलं, "यह क्या डाला है?" मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. पाणी, ती म्हणाली, फक्त पाणी, अर्धा तास, गरम तर गरम. तुम्ही पाणी थांबवून आंबट घातलंत म्हणून सोडा आत खात गेला. सकाळी कळलं की उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड तेवढा कळेल, फार तर.

सुदेशला हे सांगितलं होतं. कशामुळे, ते नव्हतं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. गुरुवारच होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. माझी चाहूल लागताच त्याने हात पुढे केला आणि माझा हात घट्ट धरला.

"चाचा, तुम्ही होतात म्हणून," तो म्हणाला. "ते गार ओतलं नसतंत तर मी तिथेच मेलो असतो. सोनमला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, चाचांचे पाय धरा."

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? डॉक्टरीणबाई काही त्याला सांगत बसली नव्हती.

"ती पिल्लांची गोष्ट सांगा ना," तो म्हणाला. "वेळ जात नाही."

मी सांगायला लागलो. कडी, चिखल, हातोड्या. आणि पहिल्यांदाच मी पुढचं सांगितलं, जे अब्बांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि मी कुणालाच नाही.

"सगळी नाही वाचली, सुदेश. पाय काडीसारखे असतात रे. अब्बांनी पहिली दोन-चार कडी घाईत फोडली, तेव्हा कड्याबरोबर पायही मोडला. सोडवायलाच गेले होते ते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी हळू मारायला शिकले. पण त्या पिल्लांना त्याचा काय उपयोग? बाळा, पाणी चालू ठेवायला हवं होतं. गरम होतं तरी. अर्धा तास. ते मी बंद केलं. कोकमाने झालं हे."

बाहेर औषधांची गाडी खडखडत गेली. मग त्याने माझ्या हातातून स्वतःचा हात काढून घेतला, सावकाश, आणि चादरीवर ठेवला.

"अर्धा तास," तो म्हणाला. "आणि आपण पाणी किती वेळ धरलं?"

"एखादं मिनिट. तेही नसेल."

मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माझा फोन घ्या," तो शेवटी म्हणाला. "सोनमला लावा. स्पीकरवर ठेवा. मी तिला दुसरंच सांगून बसलोय. आता तुम्हीच सांगा."

मी नंबर लावला. दोनदा वाजला आणि तिने उचलला.

"सुदेश नाही, मी तय्यबचाचा," मी कसंबसं म्हणालो.

"चाचा!" ती म्हणाली, आणि मी पुढे तोंड उघडायच्या आत रडायलाच लागली. "चाचा, तुमचे उपकार कसे फेडू हो आम्ही?"