लाओ तानचे बधिर अंगठे

रविवारची सकाळ, डाव्या हाताला समुद्र, पुढे मोकळा रस्ता, आणि लाओ तानचं सगळं लक्ष स्वतःच्या बुटांत. त्याने उजव्या पायाची बोटं हलवून पाहिली. हलली की नाही, देव जाणे. डाव्या पायाची हलली, पण दुसऱ्याच कुणाची असावीत तशी. ‘झालं,’ तो मनात म्हणाला. ‘बापाचंही असंच सुरू झालं होतं.’

आता विजेवरच्या एकचाकीवर उभं असताना माणसाने असले विचार करू नयेत. त्या वाहनाला ना हँडल, ना ब्रेक. दोन पोटऱ्यांच्या मध्ये एक जाडजूड चाक आणि दोन्ही अंगांना पाय ठेवायला एकेक पेडल, संपलं. पुढे झुकलं की पळतं, मागे रेललं की थांबतं. सगळा कारभार तळपायांवर. आणि लाओ तानला तळपाय आहेत की नाहीत याचीच खात्री उरली नव्हती.

हुनान प्रांतातून येऊन त्याने शेन्झेनमध्ये पडद्यांचं दुकान टाकलं होतं. तो लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायचा, बायको मानयिंग मशीनवर पडदे शिवायची. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा दिवस जातो म्हणून त्याने ही एकचाकी घेतली, आणि मग चोपन्नाव्या वर्षी तिच्या असा प्रेमात पडला, की दर रविवारी उजाडता उजाडता एकचाकीवाल्यांच्या टोळक्याबरोबर किनाऱ्याने भटकायला जाऊ लागला. मानयिंग म्हणायची, “जा, जा. लग्नात माझ्याकडे बघून हसला नव्हतास तेवढा त्या चाकाकडे बघून हसतोस.”

पावसाळ्यात पेडलवरची खरबरीत पट्टी झिजून गुळगुळीत झाली. एका वळणावर पाय सटकला आणि घोटा चांगलाच सुजला. तेव्हा त्याने नवी पेडलं बसवली, बारीक बारीक खिळे वर आलेली. पकड अशी, की पाय ठेवला की ठेवला, इकडचा तिकडे होणार नाही. फक्त ते खिळे बुटाच्या मऊ तळातून वर टोचायचे. तासभर किसणीवर उभं राहून बघा म्हणजे कळेल.

त्यावर लाओ तानने शोधलेला उपाय हुनानच्या जावयालाच सुचावा असा होता. त्याची सासू गावाहून दर नव्या वर्षाला बुटात घालायचे हाती शिवलेले तळ पाठवायची. जुन्या कापडाचे थर भाताच्या खळीने चिकटवलेले, त्यावर मुंगीलाही वाट मिळू नये अशी दाट शिवण आणि वर बदकांच्या जोड्या. असले तळ कुणी पायाखाली घालत नाही, कपाटात ठेवतात. लाओ तानने मात्र एक जोड बुटात सरकवला. बरं वाटलं. मग वर दुसरा सरकवला. आणखी बरं वाटलं. बूट जरा घट्ट झाले, तर त्याने नाड्या आणखी ओढल्या. घट्ट पाय म्हणजे पक्का पाय, असं त्याचं गणित.

थोड्याच दिवसांत बोटं बधिर व्हायला लागली. तेव्हा त्याला बूट आठवले का? छे! त्याला बाप आठवला. बापाला साखरेचा आजार होता. आधी अंगठा बधिर झाला, मग काळा पडला, मग तो गेला, मग पाऊल गेलं, आणि पुढची चार वर्षं बाप दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत बसला. लाओ तानने हे कुणाला सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारावरून जाताना तो मान फिरवायचा. घरी बूट काढले की मुंग्या येऊन पाय ताळ्यावर यायचे, पण घाबरलेल्या माणसाला तेवढं कुठलं दिसतंय!

त्या रविवारी उतार आला. उजव्या पायाची टाच पेडलच्या बाहेर गेली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. वळणावर त्याने त्या पायावर भार दिला, पाय निसटला, चाक एकीकडे, लाओ तान दुसरीकडे. नशीब बलवत्तर म्हणून गवतात पडला.

“ए तान दादा! झोप लागली का चाकावर?” ओयांग ओरडतच आली. ही टोळक्याची पुढारी. मुलांना पोहायला शिकवायची, त्यामुळे तिचं कुजबुजणंही पलीकडच्या बेटावर ऐकू जायचं.

मागून क्वांग काका आले. बासष्ट वर्षांचे, बस चालवून निवृत्त झालेले, अस्सल इथलेच. “हुनानवाले मिरच्या खाऊन डोकं गरम करून घेतात ते ठाऊक होतं,” ते म्हणाले, “पाय पण घरी विसरून येतात?”

“काही नाही झालं,” म्हणत लाओ तान उठला. उजवा पाय भलतीकडेच पडला आणि तो पुन्हा बसला.

ओयांगचं हसू मावळलं. “बूट काढ.”

“नको.”

“का? मोजा फाटलाय? मी रोज चाळीस पोरांचे पाय बघते, तुझा एक बघून मरणार नाही.”

“नको म्हणतो ना, ताई!” ती वयाने लहान, पण पुढारी म्हणून सगळे तिला ताईच म्हणत. आणि मग त्याच्या तोंडून एकदम निघून गेलं, “मला साखर झालीय. बापाचं पाऊल कापलं होतं. माझंही कापतील.”

क्वांग काकांनी विचारलं, “कोण म्हणालं? डॉक्टर?”

“नाही.”

“मग?”

“मीच.”

“वा रे वैद्य! पडदे विकता विकता नाडीपण बघायला लागलास?” काका पिशवी चाचपायला लागले. “अरे, मला अठरा वर्षं साखर आहे. विचारायचंस तर खरं! सकाळपासून काही खाल्लंयस?”

“नाही. तुमच्याबरोबर टपरीवर चांगफन खायचं म्हणून उपाशीच निघालो.”

“बरं केलंस. बोट दे.”

काकांनी पिशवीतून साखर तपासायचं छोटं यंत्र काढलं. टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्र विचार करत बसलं. लाओ तानने डोळे मिटले. त्याला दारातली खुर्ची दिसत होती.

“हात्तिच्या!” काका म्हणाले. “हा आकडा मला मिळाला तर मी गल्लीभर मिठाई वाटीन. अगदी ठणठणीत आहेस. बघ, डोळे उघड आणि बघ.”

लाओ तानने बघितलं. मग यंत्र हातात घेऊन, जवळ नेऊन, पुन्हा बघितलं. त्याच्या छातीतून असा काही श्वास सुटला, की तो आजवर कुठे अडकून बसला होता हे त्यालाच कळेना.

“उद्या दवाखान्यात जाऊन नीट तपासून घे,” काकांनी दटावलं. “हे माझं खेळणं आहे, डॉक्टर नव्हे. पण पाऊल-बिऊल कापायचं डोक्यातून काढ आधी.”

“मग बोटं बधिर कशाने होतात?”

“तेच तर बघायचंय म्हणते मी मघापासून,” म्हणत ओयांगने नाडी सोडली आणि बूट ओढला. बूट निघेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा निघाला. लाओ तानच्या पावलावर नाड्यांचे वळ उठले होते, दोरीने बांधून ठेवल्यासारखे. ओयांगने बुटात हात घालून बदकांची एक जोडी बाहेर काढली. मग दुसरी. मग आणखी एक तळ, साधा, लाल, बिननक्षीचा.

“अग्गंबाई!” ती म्हणाली. “बूट आहे की गादीचं दुकान? पायाला जागा कुठे ठेवलीस? खालून एवढं भरलंस, वरून नाड्या आवळल्यास, बिचाऱ्या नसा जातील कुठे? आणि वर बोटं आवळून धरत असशील पेडलवर.”

“पडू नये म्हणून धरतो.”

“खिळे कशाला लावलेत मग? पकडायचं काम त्यांचं. तू नुसतं उभं राहायचं, बोटं मोकळी सोडून. टोचत असेल तर कडक तळाचे बूट घे, बदकांची आख्खी नक्षी पायाखाली नको घालूस!”

पण लाओ तान त्या लाल तळाकडे बघत होता. “मी तर दोनच घातले होते,” तो म्हणाला. शिवण त्याच्या ओळखीची होती. दुकानातल्या प्रत्येक पडद्याच्या काठाला तीच शिवण असायची.

तेवढ्यात पायात मुंग्या आल्या. आधी टाचेत, मग चवड्यात, मग अंगठ्यात, आणि अंगठा असा झणझणला की तो ओरडलाच. रिकाम्या बुटांत पाय घालून, नाड्या सैल बांधून तो चाकावर चढला. खिळे तळातून टोचले.

“टोचतंय!” तो ओरडला. “दोन्हीकडे टोचतंय! अंगठ्याला पण टोचतंय!”

“टोचतंय म्हणून नाचणारा माणूस पहिल्यांदा बघितला,” क्वांग काका म्हणाले. सगळे हसत हसत टपरीपर्यंत गेले. लाओ तान सगळ्यात पुढे होता, बोटं बुटात पेटी वाजवल्यासारखी हलवत.

चांगफनच्या वाफवलेल्या तांदळाच्या गुंडाळ्या येईपर्यंत त्याने मानयिंगला फोन लावला. काही न लपवता सगळं सांगितलं, बाप, भीती, पडणं, यंत्र.

“आणि तो लाल तळ तू घातलास ना?” त्याने विचारलं.

“घातला,” ती म्हणाली. “पाय चोळताना दिसायचास. विचारलं की हसून उडवायचास. वाटलं, तेवढंच मऊ लागेल.”

“अगं, त्यानेच तर आणखी आवळलं!”

“मला काय ठाऊक? म्हाताऱ्या, तू काही बोलशील तर ना!” तिचा आवाज चिरकला. “मलाही सासऱ्यांचाच पाय आठवत होता. रोज रात्री तू झोपलास की मी शिवणाची सुई घेऊन तुझ्या तळव्याला हळूच टोचून बघायचे. तू पाय ओढून घ्यायचास. मग मी झोपायचे.”

लाओ तानपुढे वाफाळतं ताट येऊन पडलं. त्याने त्याला हात लावला नाही.

“रोज?”

“रोज.”

“आणि एखाद्या रात्री ओढला नसता तर?”

“तर तुला उठवायचं की झोपू द्यायचं, तेवढंच माझं ठरत नव्हतं.”

“आज नको टोचूस,” तो म्हणाला. “आज तू लवकर झोप.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग दुकानात गिऱ्हाईक आलंय, असं सांगून तिने फोन ठेवला. रविवारी त्यांचं दुकान दुपारशिवाय उघडत नसे.