हातचा एक

"काका, ही किती बोटं?" तरुण डॉक्टरने तर्जनी आणि मधलं बोट उभं करून विचारलं.

"तीन," खाटेवरून मीटरमास्तर म्हणाले.

तिने तर्जनी मिटली, अनामिका उघडली. "आणि ही?"

"सहा."

डॉक्टरने कागदावर काहीतरी खरडलं. मास्तरांची बायको त्या कागदात डोकावली. काल सकाळी दाढी करता करता मास्तरांची डावी बाजू गेली होती. डोकं शाबूत असेल तर आठवड्यात घरी, नाहीतर वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावरून घरी आलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

"अहो बाई, बरोबर सांगतायत हे!"

"काकू, दोनच बोटं होती."

"तुमच्या हिशोबाने!"

मास्तरांनी चौतीस वर्षं प्रयोगशाळेतले मोजणीचे जुने इलेक्ट्रॉनिक काउंटर दुरुस्त केले, म्हणून ते मीटरमास्तर. त्यात प्रत्येक अंकाला चार दिवे. एक, दोन, चार आणि आठ किमतीचे. पेटलेल्यांची बेरीज केली की अंक मिळाला. पुढे काचेच्या नळीत नारिंगी आकडा उजळणारी यंत्रं आली, पण मास्तर म्हणत, "चेहरा नवा, पोटात तेच चौघं." ही विद्या त्यांनी तर्जनीपासून करंगळीपर्यंत चार बोटांवर बसवली होती. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात गॅलरीतून दोन बोटं दाखवून त्यांनी सहा अंडी मागवली. तिने दोन आणली. मग अबोला किती दिवस चालला, ते दोघं वेगवेगळं सांगत.

डॉक्टरने हे सगळं बायकोकडून ऐकून घेतलं. "बरं काका, दहापर्यंत मोजून दाखवा."

मास्तरांनी उजवा हात उचलला. तर्जनी, एक. मधलं, दोन. दोन्ही मिळून तीन. सातला तिन्ही बोटं ताठ झाली. आठला ती मिटली आणि नुसती करंगळी वर आली.

सिस्टर भांडं आणायला धावली.

"अगं थांब, लागली नाहीये त्यांना! आठ झालेत!" बायको ओरडली.

पलीकडच्या खाटेवरचा पेशंट टाके सांभाळत हसला.

करंगळी आणि तर्जनी, नऊ. नवाच्या पुढे काउंटरला मुभा नसते. सगळे दिवे विझतात आणि हातचा एक दशकाच्या घरात जातो. मास्तरांनी मूठ मिटली. दशकाचं घर म्हणजे डावा हात. तो चादरीवर पडून होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, बस चुकलेल्या माणसाकडे बघावं तसे.

"नऊच?" डॉक्टरने पेन उचललं.

बायकोने स्टूल डावीकडे ओढलं, तो हात मांडीवर घेतला आणि त्याच्या शेजारी आपली तर्जनी उभी केली.

"दहा," मास्तर म्हणाले.