पानगळीत मोजलेली पांदण

मी नालवाडीपलीकडची एक जुनी पांदण आहे. मित्रांनो, पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. माझ्या दोन्ही बाजूंना पळस, बोरी आणि निरगुडीची दाट रांग आहे. बैलांच्या खुरांनी मला घडवलं. माझं उद्घाटन कुणी केलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

पूर्वी भाजीच्या गाड्या माझ्यावरूनच वर्ध्याच्या बाजाराला जात. बाया माझ्या सावलीत शिदोरी सोडत आणि पांदण आहे म्हणून बरं, असं म्हणत. मग आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पाडून घरांचे लेआउट पडले. कुणाच्याही घराचा मलबा माझ्या अंगावर येऊन पडू लागला. आता माझ्या एका टोकाला नाल्याकाठची झाडी उरली आहे आणि दुसऱ्या टोकाला सुलोचनाबाईंची भाजीची वाडी. त्यांच्या दोडक्यावरच्या मधमाश्या नाल्याकडून माझ्याच झाडांतून येतात. तरी लेआउटमधल्या लोकांची मागणी आली, की झाडं तोडून इथं रुंद रस्ता करा. निर्णय ग्रामसभेत व्हायचा होता.

सुलोचनाबाईंची भाची रोशनी कॉलेजात शिकते. शहराभोवतीच्या हिरवळीचे किती तुकडे झाले, हे उपग्रहाच्या फोटोंवरून मोजून ती नकाशा करत होती. वीस वर्षांपूर्वी सहा मोठे तुकडे होते, आता एकेचाळीस बारके. हाच नकाशा ती ग्रामसभेत दाखवणार होती. पण त्यात मी नव्हतेच! माझ्या जागी नुसती उघडी जमीन. मला फार भीती वाटली, आणि खरं सांगते, रागही आला.

"मामी, पांदणीत तं काहीच हिरवं दिसून नाई राह्यलं," रोशनी म्हणाली.

सुलोचनाबाईंनी वांगी तोडता तोडता विचारलं, "फोटो कधीचा हाय?"

"मार्चचा."

"मंग काय दिसन, पोरी? शिमग्याले पळसाले पान राह्यते का? दसऱ्याचा पाह्यजो."

रोशनीनं ऑक्टोबरचे फोटो काढले आणि जुना-नवा दोन्ही नकाशे पुन्हा केले. नाल्यापासून वाडीपर्यंत मी अखंड हिरवी रेघ! माझ्यामुळे नऊ तुकडे एकमेकांना धरून होते.

ग्रामसभेत तिनं ती रेघ दाखवली. सुलोचनाबाई उठून म्हणाल्या, "हे तोडसान, तं माह्या दोडक्यावर माशी कोठून येईन?" थोडी कुरकुर झाली, पण रस्ता लेआउटच्या दुसऱ्या अंगानं न्यायचं ठरलं.

आता लेआउटमधली मुलं माझ्यावरून सायकलनं शाळेत जातात. मलबा अजून पडतो, पण कमी.

मित्रांनो, आम्हाला जरूर मोजा. फक्त आमची पानं झडलेली असताना आम्हाला मेलेलं समजू नका. एकदा दसऱ्याला येऊन बघा.