सातव्या गाण्यातली रिकामी मात्रा

मास्तर सकाळपासून बूड टेकवायला तयार नव्हते. गाणं लागलं की बसायचे, संपलं की उठून खिडकीशी.

"मास्तर, खुर्चीला खिळे आहेत का?" दाढीवाल्या संगीतकारानं विचारलं. रेडिओवाल्या बाई हसल्या. गीतरचना स्पर्धेचे हे तिघे परीक्षक. गाण्यावर नाव नाही, नुसता नंबर. शिवाय सगळी गाणी एकाच गायिकेकडून गाऊन घेतलेली, आवाजावरून कोणी ओळखू नये म्हणून.

खिळा होता सातव्या गाण्यात. ध्रुवपदाच्या शेवटच्या शब्दाआधी एक मात्रा रिकामी सोडलेली. ही मास्तरांच्या बायकोची खोड. घरी मुलींना शिकवताना ती म्हणायची, "इथं गप्प बसा गं. ऐकणाऱ्यालाही श्वास घेऊ दे." तिला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

हे लेकीचंच, मास्तरांनी ठरवून टाकलं. लेक आईच्या हाताखाली चाली बांधायला शिकलेली. न सांगता पाठवलं असणार. उद्या कोणी म्हणायला नको, बापानं झुकतं माप दिलं. त्यांनी दहापैकी चार गुण टाकले. पुढच्या गाण्यांत काय होतं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत ताट तसंच ठेवून त्यांनी जिन्यात जाऊन फोन लावला.

"स्पर्धेला गाणं पाठवलंस?"

"मी? तुम्ही परीक्षक असताना? आईनं तंगडी मोडली असती माझी. बाबा, जेवलात का?"

"जेवतोय," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि जिन्यातच बसले. म्हणजे आणखी कोणीतरी. बायकोकडे शिकून गेलेल्या मुली काय कमी होत्या? कोणा परक्याच्या पोरीचं गाणं आपण आपल्या अब्रूपायी बुडवलं. आता गुण वाढवावेत, तर ते गाण्याला की बायकोला? हेच त्यांचं त्यांना कळेना.

वर येऊन ते उभ्यानंच म्हणाले, "सातव्याचे माझे गुण काढून टाका. तुम्ही दोघंच ठरवा."

"कोणाचं आहे ते?" बाईंनी विचारलं.

"नाव माहीत नाही. पण शिकवणारी माझी बायको. ओळखीनं हात आखडला मी. चार दिले."

"चार?" दाढीवाला म्हणाला. "मी नऊ दिलेत. मास्तर, नाव माहीत नाही तर कसली ओळख? सरळ दुरुस्त करा की."

"आता जे लिहीन ते तिच्यासाठीच लिहीन. नको."

बाईंनी नियमांचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "नियमानं तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

मास्तर पॅसेजमधल्या बाकावर बसले. पायांची चुळबुळ थांबेना. दाराला फट होती. आत ते दोघं काहीतरी बोलले, मग सातवं गाणं पुन्हा लागलं. मास्तरांनी पाय आवरले. ध्रुवपद आलं. ती मात्रा आली आणि आत कोणीतरी करकर खुर्ची ओढली.

"बसा की जागेवर," मास्तर बाहेरूनच पुटपुटले, आणि पुढच्या ध्रुवपदाची वाट पाहू लागले.