कच्च्या टाक्यांवर

मी एक पँट बोलतेय. राखाडी रंगाची. कंबरेला पक्की, खिशांना पक्की, पायाशी मात्र अजून कच्ची.

तो फोन आला त्या सकाळी मी स्टुलावर होते. म्हणजे स्टुलावर बाळ्या उभा होता आणि मी त्याच्या अंगावर. बाळ्या हे घरातलं नाव. माणूस चाळिशी ओलांडलेला, जुनी कंपनी बंद पडल्यापासून घरी बसलेला. एका मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात त्याची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. खाली फरशीवर त्याचे वडील, अण्णा, तोंडात टाचण्या धरून माझी मोहरी बघत होते. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले. दुकान सोडून बरीच वर्षं झाली होती, पण मला त्यांनी हट्टाने घरीच शिवलं.

"पोट आत घेऊ नकोस," अण्णा टाचण्यांमधूनच म्हणाले. "तिथे दिवसभर आत ठेवणार आहेस का?"

"ठेवतील हो अण्णा, पहिला आठवडाभर," स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. बाळ्या स्टुलावरूनच बोलला. "हो मॅडम... म्हणजे रद्द नाही ना?... बरं. साधारण कधीपर्यंत?... बरं. हे मला लेखी कळवाल का?"

त्याने धरलेला श्वास सोडला आणि माझं बटण ताणलं. घरात ती बातमी सगळ्यात आधी मला कळली.

"भरती थांबवलीय," तो म्हणाला. "सगळ्याच विभागांत. निवड कायम आहे म्हणतात. तारीख तेवढी नाही."

अण्णांनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या. पँटची लांबी बूट घालून ठरवायची, अनवाणी पायांवर नाही, हा त्यांचा नेम. नवे बूट संध्याकाळी आणायचे होते. "जुने घाल," ते म्हणाले. "एकदाचं करून मोकळं होऊ."

"नको अण्णा. तारीख आली की नवे घेतो. त्यांवरच बघू."

मग अण्णांनी अंदाजाने पायाशी दुमड घातली, पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके मारले आणि मला दारामागच्या खिळ्याला अडकवलं.

तिथून मी ते घर पाहिलं. बाळ्या दर महिन्याला कंपनीला दोन ओळींचं नम्र पत्र लिही. उत्तर येई, लवकरच कळवू. मधूनमधून तो दुसरीकडेही विचारी. फोन लावण्याआधी घसा खाकरायचा आणि ठेवल्यावर उगाचच पाणी प्यायचा. एकदा एका छापखान्यातून हिशेबाच्या कामासाठी विचारणा झाली. मालक म्हणाले, सावकाश सांगा, घाई नाही.

"पगार फार कमी आहे गं," बाळ्या म्हणाला.

"आत्ताच्यापेक्षा बराच आहे की," सूनबाई म्हणाली.

अण्णा वर्तमानपत्रामागून बोलले, "पँट दोन्हीकडे चालेल रे."

"मोठ्या कंपनीचं एकदा कळू दे, अण्णा."

अण्णा अधूनमधून मला खाली काढत, झटकत, कापड बोटांत धरून बघत. "काय गं, तुझीही भरती थांबली का?" असं विचारत आणि स्वतःच हसत. पुढे पुढे सुईत दोरा ओवायला त्यांना खिडकीशी जावं लागे. "बूट आणलेस का?" हे विचारणं त्यांनी सोडलं नाही. "तारीख आली की," हे उत्तरही बदललं नाही.

एका दुपारी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना घाईने नेलं तेव्हा दार सताड उघडं राहिलं आणि मी भिंतीशी दबून गेले. अंधार पडल्यावर दार कुणीतरी लोटलं. दोघंच परत आली होती.

काही आठवड्यांनी बाळ्याने छापखान्यात फोन केला. जागा अजून होती. कंपनीला त्याने लिहिलं की दुसरीकडे काम धरतोय, भरती सुरू झाली तर जरूर कळवा. मग बाजारात जाऊन बूट आणले.

त्याने मला घातलं, बूट घातले आणि स्टुलावर चढला. सवयीने पोट आत घेतलं. खाली फरशीवर कुणी नव्हतं. लांबी बघायला तो वाकला. वाकलं की लांबी बदलते. पुन्हा सरळ उभा राहिला, पुन्हा वाकला.

सूनबाई दारात आली. "कोपऱ्यावरच्या टेलरकडे देऊ का?"

"नको."

"मग मी घालू टाके?"

"राहू दे," तो म्हणाला आणि खाली उतरला.

आता मी छापखान्यात जाते. माझ्या गुडघ्यांवर शाईचे ठिपके पडलेत. एखादा टाका सुटला तर सूनबाई पांढऱ्याच दोऱ्याने तो परत घालते, पक्का करत नाही. कंपनीकडून परवा पुन्हा आलं, लवकरच कळवू. तुम्हाला तो कुठे भेटला आणि पायाशी दोरा लोंबताना दिसला, तर कृपा करून त्याला सांगू नका. त्याला माहीत आहे.

अण्णांनी माझी लांबी घ्यायची राहिली.